कोरडवाहू भक्ती

पाऊस येईनासा झाला की आमच्याकडची माणसे म्हणतात, ‘पावसाने ओढ दिली.’ आणि एखाद्याचे चित्त माहेराकडे, पंढरीकडे किंवा परगावी गेलेल्या लेकराकडे लागले की त्याला तिकडची ‘ओढ लागली’ असेही म्हणतात. देणाऱ्याने हात आखडला तरी ओढ, आणि मागणाऱ्याचा जीव तुटला तरी ओढच. मराठीने हे दोन अर्थ एकाच शब्दात का घातले असतील, याचा विचार शब्दकोशकारांनी करावा. पण बीडहून परळीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बालाघाटाच्या डोंगररांगांत वसलेल्या वडवणीसारख्या गावात ज्याचे आयुष्य गेले, त्याला हा योगायोग वाटत नाही. येथे पहिली ओढ पडली की दुसरी लागतेच.

दिवाळीच्या अंकात, फराळाचे ताट समोर असताना, हा मास्तर कोरडेपणाच्या गोष्टी कशाला काढतो, असे वाचकांना वाटेल. पण आमच्याकडे दिवाळी हाच हिशेबाचा दिवस असतो. मृगाने काय दिले, हस्ताने काय राखले आणि परतीच्या पावसाने काय नेले, ते याच सुमारास कळते. शिवाय दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि वर्गातले बाक रिकामे होऊ लागतात. ज्या घरी दिवा लावायला फक्त आजी आणि दोन नातवंडे उरलेली असतात, त्या घरचा आकाशकंदीलही उंचच टांगलेला असतो. तेव्हा हा विषय सणाला अगदीच परका आहे असे मला वाटत नाही.

विषय असा आहे. ज्याने एकदा देवाला जवळचा म्हणून ओळखले आहे, त्याचीच प्रार्थना पुढे कोरडी पडली तर तो काय करतो? तोंडाने नाव चालू आहे, हात जोडलेले आहेत, आणि आत काहीच हलत नाही. अशा काळात जी ओढ लागते, तिचे मराठी वाङ्मयात काय झाले? तुकोबांच्या संदर्भात हा प्रश्न आपण पुष्कळदा विचारला आहे. मराठी ख्रिस्ती वाङ्मयासंबंधी तो फारसा कोणी विचारलेला दिसत नाही. त्या वाङ्मयाकडे आपण पाहिले ते धर्मांतराच्या वादाच्या खिडकीतून. माणूस इकडून तिकडे गेला कसा, याची आपल्याला फार चौकशी. तिकडे गेल्यावर त्याचे रोजचे देवाशी कसे चालले होते, हे विचारण्याची आपल्याला सवड झाली नाही.

आरंभ रेव्हरंड नारायण वामन टिळकांपासूनच करायला हवा. १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी जन्मलेला हा चित्पावन ब्राह्मण १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जात असताना आगगाडीत एका अनोळखी साहेबाशी बोलत बसला, आणि उतरताना त्याच्या हाती नवा करार होता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. १९१२ पासून १९१९ मधील मृत्यूपर्यंत ‘ज्ञानोदया’ची मराठी बाजू त्यांनी सांभाळली. शाळेच्या पुस्तकांनी त्यांना ‘फुलामुलांचे कवी’ करून टाकले. ‘केवढे हे क्रौर्य’ शिकवताना वर्गातल्या मुलांचे डोळे भरून येतात, तेव्हा मलाही त्या बिरुदाविरुद्ध बोलण्याची इच्छा राहत नाही. परंतु टिळकांचा खरा पसारा भक्तिगीतांत आहे. मिशनच्या देवळांत इंग्रजी चालींवर ओढूनताणून बसवलेली गीते गायली जात, तेथे त्यांनी अभंग, ओवी आणि कीर्तन नेऊन बसवले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत, आणि ‘अभंगांजली’ वाचताना त्या पुलाच्या फळ्या पायाखाली वाजत असल्याचे जाणवतेही.

असे असूनही मला एक मतभेद नोंदवायचा आहे. टिळकांच्या अभंगांत ओढ पुष्कळ आहे. कोरड फार थोडी आहे. त्यांच्या सर्वांत गाजलेल्या गीतांपैकी एकाचा भावच असा आहे की, देव जितका लाभावा तितकी त्याची तहान वाढत जावी. हा भाव सुंदर आहे, खोटा तर मुळीच नाही. पण ही तहान पाणी पिणाऱ्याची आहे. विहिरीला पाणी आहे, पाट वाहतो आहे, आणि शेतकरी म्हणतो आहे की आणखी एक बारे द्या. याला मी बागायती भक्ती म्हणतो. टिळकांच्या अभंगात पहिल्या चरणात व्याकुळता आली की तिसऱ्या-चौथ्या चरणापर्यंत बहुधा आभाळ भरून येते. रडणारे मूल आईने लगेच उचलून घ्यावे, तसे. अपवाद आहेत; पण कवीची प्रकृती ही. उतावळा, प्रेमळ, क्षणात रागावणारा आणि क्षणात विरघळणारा हा माणूस देवापाशीही तसाच वागला. त्याला वाट पाहता येत नव्हती. लक्ष्मीबाईंनी रंगवलेले टिळक ज्यांनी वाचले आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

याउलट तुकोबांकडे पाहा. १६३० च्या सुमाराचा तो भीषण दुष्काळ त्यांनी अंगावर सोसला, त्यात त्यांची पहिली बायको अन्नावाचून गेली, आणि पुढे जेव्हा देवही बोलेनासा झाला तेव्हा त्यांनी ती कोरड तशीच राहू दिली. त्यांचे कितीतरी अभंग असे आहेत की ज्यांत शेवटच्या चरणापर्यंत पाऊस येत नाही. प्रश्न विचारला जातो, नाममुद्रा येते, आणि अभंग संपतो, उत्तर नाही. आमच्या शेजारच्या गंगाखेडची जनाबाई तर सरळ भांडते, शिव्याही देते. मागणे पुरे होण्याआधीच लेखणी खाली ठेवण्याचे हे धैर्य टिळकांनी पुलावरून येताना सोबत आणले नाही, असे मला वाटते. नव्या घरी आलेल्या माणसाला घराची तक्रार करायला संकोच वाटतो. त्यातून बाहेर हसणारे लोक उभे असतील तर अधिकच. धर्म बदललेल्या कवीने आपला नवा देव गप्प आहे असे लिहिले असते, तर पुण्या-मुंबईच्या वृत्तपत्रांनी त्याचा काय मथळा केला असता, याची कल्पना करून पाहावी.

ख्रिस्ती शास्त्राला कोरडेपणाचे वावडे आहे असे मात्र नाही. उलट बायबलमध्ये एक जागा अशी आहे की ती वाचताना मी थबकलो, कारण तेथे आमच्या तलाठ्याच्या दप्तरातला भेद लिहिलेला आहे. ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात मोशे आपल्या लोकांना सांगतो की, तुम्ही सोडून आलात तो मिसर देश बागेसारखा होता. तेथे पेरून पायाने पाणी फिरवावे लागे. आता ज्या देशात तुम्ही जात आहात तो डोंगर-खोऱ्यांचा देश आकाशातून पडेल तेवढेच पाणी पितो. म्हणजे नाईलच्या पाटावरची बागायत सोडवून देवाने आपल्या लाडक्या लोकांना कोरडवाहू जमीन दिली! पायाने बारे मोडणाऱ्याला आकाशाकडे पाहावे लागत नाही. ज्याची सगळी शेती पावसावर आहे, त्याची मान आपोआप वर होते. पुढे लगेच पहिल्या आणि शेवटल्या पावसाचा उल्लेख येतो, तो वाचून आमच्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याने मृग आणि परतीचा पाऊस असा अर्थ लावावा.

अशा जमिनीतून उगवलेली गीते स्तोत्रसंहितेत आहेत. त्यांत पाण्यासाठी धापा टाकणारी हरिणी आहे, निर्जळ रानात सुकलेला जीव आहे, ‘किती काळ’ हा प्रश्न पुनःपुन्हा विचारणारा आहे. यांतली बहुतेक स्तोत्रे शेवटी वळतात; विलापातून निघून स्तुतीपर्यंत पोचतात. परंतु ८८ वे स्तोत्र वळत नाही. त्याचा शेवट अंधारातच होतो. ज्यांनी हा ग्रंथ जुळवला, त्यांना ते गाळता आले असते, किंवा शेवटी एखादी आशेची ओळ चिकटवता आली असती. त्यांनी तसे केले नाही, यात मला त्या संपादकांचा मोठेपणा वाटतो. आणि वधस्तंभावरून खुद्द येशूच्या तोंडी जो आक्रोश येतो, तो २२ व्या स्तोत्राच्या आरंभीचा. देवाने आपल्याला का टाकले, असे विचारणारा. ज्या धर्माच्या केंद्रस्थानी असा प्रश्न आहे, त्या धर्माच्या भक्ताला कोरड्या दिवसांची लाज वाटण्याचे कारण नाही.

युरोपातल्या संतांनी या कोरडेपणाचे शास्त्रच केले. सोळाव्या शतकातला स्पेनमधला संत जॉन, ज्याला ‘क्रुसाचा जॉन’ म्हणतात, त्याला त्याच्याच पंथातल्या लोकांनी १५७७ साली तोलेदो येथे कोंडून घातले होते. आत्म्याच्या अंधाऱ्या रात्रीविषयी त्याने जे लिहिले, त्यातला एक दाखला आपल्या कोणत्याही बाळंतिणीच्या खोलीत चालेल. आई मूल अंगावरून तोडते तेव्हा स्तनाला कडू काळा बोळ लावते, आणि त्याला मांडीवरून खाली उतरवून चालायला लावते. मुलाला वाटते, आईची माया आटली. जॉन म्हणतो, प्रार्थनेतली गोडी जाते तेव्हा तसेच घडत असते. आमच्याकडे निंबाचा पाला वाटून लावतात, एवढाच काय तो फरक. हे स्पष्टीकरण मला पटते, पण पुरतेपणी नाही. कारण काही मुले जन्मभर मांडीवर परत घेतली जात नाहीत. कोलकात्याच्या मदर तेरेसा १९९७ साली वारल्या. त्यांची खासगी पत्रे २००७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला कळले की रस्त्यावरचे मरणारे उचलणाऱ्या या बाईला सुमारे पन्नास वर्षे आतून देव लागला नव्हता, मधला एक अल्प काळ सोडून. काही वर्तमानपत्रांनी याचा ‘उघडकीस आलेले गुपित’ असा गाजावाजा केला. मला मात्र ती पत्रे म्हणजे आजवर लपवलेला जमाखर्च वाटला. खर्चाची बाजू भरगच्च, जमेची कोरी, आणि तरी दुकान एक दिवस बंद नाही.

आता आपल्या घरी परत येऊ. मराठी ख्रिस्ती वाङ्मयात ही कोरड कोणी लिहिली असेल, तर ती दोन बायकांनी. त्यांतली पहिली पंडिता रमाबाई.

रमाबाईंची हकीकत सर्वांना माहीत आहे असे आपण धरून चालतो, म्हणून ती कोणी नीट वाचत नाही. अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थातून तीर्थात, पुराण सांगत हिंडत होते. १८७० नंतरच्या दुष्काळात दक्षिणेत त्या कुटुंबाची अन्नान्नदशा झाली. जवळचे होते ते दानधर्मात आणि अनुष्ठानांत गेले. देव प्रसन्न होईल म्हणून उपास झाले, जप झाले. देव बोलला नाही. १८७४ च्या सुमारास आई-बाप गेले, मग थोरली बहीण गेली. उरलेली ही मुलगी आणि तिचा भाऊ पायी हिंडत उत्तरेस गेली. पुढे १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

आणि येथेच आपले चरित्रकार सुस्कारा सोडतात. कोणी आनंदाचा, कोणी संतापाचा. दोघांच्याही दृष्टीने गोष्ट संपलेली असते. पण रमाबाईंनी स्वतः १९०७ साली जी साक्ष लिहिली, तिच्यात त्या सांगतात की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्या ध्यानात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, तो चांगलाही आहे. पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त काही मिळालेला नाही. हे वाक्य लिहिणे किती अवघड असेल! ज्या निर्णयासाठी तिने अख्ख्या महाराष्ट्राचा रोष पत्करला, ‘शारदा सदना’वर ज्यापायी वादळ आले, त्या निर्णयाच्या आत आठ वर्षे पोकळी होती, असे ती आपल्या हाताने लिहिते. टीकाकारांच्या हाती एवढे मोठे कोलीत देण्याची तिला काय गरज होती? टिळकांना जो संकोच झाला असावा असे मी वर म्हटले, तो या बाईला झाला नाही.

शिवाय तिच्या कोरडेपणाचा प्रकार निराळा आहे. तुकोबांना ठाऊक होते की विहीर कोरडी आहे. रमाबाईंना आठ वर्षे ते कळलेच नाही. त्या रहाट ओढत राहिल्या आणि पोहरा वर येत राहिला, म्हणून पाणीही येत असणार असे धरून चालल्या. त्यांना जाग आणणाऱ्या गोष्टींत हॅस्लम नावाच्या इंग्रज पाद्र्याचे आत्मचरित्र होते. हा हॅस्लम कॉर्नवॉलमध्ये धर्मोपदेशकाचे काम कैक वर्षे करत होता, आणि १८५१ साली एके रविवारी व्यासपीठावर उभा राहून उपदेश करत असताना त्याचा स्वतःचाच पालट झाला. म्हणजे इतक्या दिवसांत त्याच्या प्रवचनाचा त्याच्यावर काही परिणाम झाला नव्हता! आम्हा शिक्षकांना ही गोष्ट ऐकून हसू येते, आणि मग लगेच आपल्याच वर्गातला तास आठवतो.

येथे एक प्रश्न टाळता येणार नाही. लहानपणी देव गप्प राहिला म्हणून रमाबाईंची त्याच्यावरची श्रद्धा उडाली. मोठेपणी दुसरा देव आठ वर्षे लागला नाही, तरी त्यांनी त्याला सोडले नाही. एकच मौन, मग न्याय दोन का? हा प्रश्न त्यांच्या विरोधकांनी विचारला असता तर रास्तच झाला असता. त्यांचे स्वतःचे उत्तर श्रद्धेच्या भाषेत आहे, आणि ते त्यांच्या साक्षीतच वाचावे. कादंबऱ्या लिहिणारा माणूस म्हणून मला दिसते ते असे. पहिल्या खेपेला सगळा व्यवहार ठरलेला होता: इतके जप, इतके दान, इतके ब्राह्मणभोजन, आणि बदल्यात इतके. व्यवहारात समोरचा गप्प राहिला तर तो बुडवणारा ठरतो. दुसऱ्या खेपेला त्या मागत होत्या ते धान्य नव्हते, धन नव्हते. मागणे होते ते देणाऱ्याचेच. अशा मागण्याला दावा लावता येत नाही, फक्त दारात बसता येते. आणि त्या दारात रिकाम्या हाताने बसल्या नाहीत. १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तेथे गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. १९०० च्या सुमारास गुजरातेतून आणल्या. उपासाने माणसाच्या मनाचे काय होते, हे त्यांना कोणी सांगावे लागत नव्हते. केडगावचे मुक्तिसदन त्या दुष्काळांतून उभे राहिले.

दुसरी बाई लक्ष्मीबाई टिळक. आणि माझे म्हणणे असे की, कोरड्या काळाचे मराठीतले सर्वांत खरे ख्रिस्ती लेखन टिळकांच्या अभंगांत नसून त्यांच्या बायकोच्या गद्यात आहे. हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. कारण ‘स्मृतिचित्रे’ आपण हसत हसत वाचतो. १९३४ पासून भागाभागाने आलेले ते पुस्तक म्हणजे मराठी घराघरातला आनंद. त्यात वडिलांचे ते भयंकर सोवळे आहे, टिळकांचे विसराळूपण आहे, घरी येऊन राहिलेला कवी ठोंबरे आहे. देवावर एक पानभर प्रवचन नाही. मग त्यात कोरड कोठे आली?

ती आली आहे १८९५ नंतरच्या पानांत. नवऱ्याने दुसरा धर्म घेतला. लहानगा दत्तू पदरात. ही आपल्या माणसांत, तो परक्यांत. या वियोगाच्या काळात काही दिवस त्या पंढरपुरालाही होत्या. विचार करा: साक्षात विठोबाच्या गावात ही बाई राहते आहे, आणि तिला विठोबा पावत नाही, ख्रिस्त तर शत्रूच वाटतो, नवरा जिवंत असून नाही. यापेक्षा कोरडी जमीन कोणती? दुसऱ्या कोणी या प्रसंगावर दहा पाने अश्रू गाळले असते. लक्ष्मीबाई काय करतात? कोण काय म्हणाले, कोणी काय खायला दिले, दत्तू कसा आजारी पडला, पत्र केव्हा आले, हे सांगतात. आत काय चालले होते ते एखाद्या वाक्यात येते आणि लगेच कोणाची तरी फजिती सुरू होते. हा विनोद म्हणजे दुःख लपवण्याची युक्ती आहे, असे म्हणण्याचा प्रघात आहे. मला तसे वाटत नाही. दुष्काळात मोठ्याने रडायलाही अंगात पाणी लागते. आमच्याकडच्या १९७२ च्या हकीकती जुनी माणसे सांगतात, त्या याच सुरात. खडी फोडायला गेलो, सुकडी मिळाली, अमका कसा घसरून पडला आणि सगळे कसे हसले. ऐकणाराच नंतर उठून बाहेर जातो.

पुढे त्या नवऱ्याकडे गेल्या. तरी धर्म आपला राखून. आणि त्यांचा पालट झाला तो कसा? दर्शन नाही, वीज नाही. प्रथम सुटला तो जातिभेद. माणसाने केलेला भेद देवाच्या माथी का मारायचा, असा साधा विचार मनात आला, आणि त्यांनी कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे ठरवले. देवाचे पुढे पाहू! १९०० साली, छप्पन्नच्या दुष्काळाने अहमदनगर जिल्हा होरपळत असताना, त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळक डोंगरमाथ्यावरून उडी घेऊन गेले. ही बाई एकेक पायरी पायाने चाचपत उतरली. कोरडवाहू शेतकरी असाच चालतो.

१९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी सेवा सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. चाकोरीतल्या, साहेबी पोशाखातल्या ख्रिस्ती धर्माचा कोरडेपणा त्यांना असह्य झाला होता. तेथेही वाट पाहणे नाहीच. ९ मे १९१९ रोजी ते वारले. ‘ख्रिस्तायन’ नावाचे जे ओवीबद्ध महाकाव्य त्यांनी आरंभले होते, त्याचे १० अध्याय झाले होते. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, अक्षरे नवऱ्याच्या नादाने गिरवलेल्या बाईने.

काव्य म्हणून तोलले तर टिळकांचे अध्याय पल्लेदार आहेत, हे मान्य केले पाहिजे. लक्ष्मीबाईंच्या ओव्या घरगुती आहेत. पुष्कळ ठिकाणी त्या नुसत्या कथा पुढे नेतात. परंतु टीकाकाराने येथे तराजू जरा बाजूला ठेवून पेरणीचा प्रकार पाहावा. आमच्याकडे धूळपेरणी म्हणून एक प्रकार आहे. पाऊस पडून वाफसा झाल्यावर पेरणे हे शहाण्याचे काम. पण काही जण मृगाच्या आधीच कोरड्या धुळीत बी टाकतात. पाऊस वेळेवर आला तर पीक चार दिवस पुढे. नाही आला तर बी मुंग्यांचे, आणि दुबार पेरणीसाठी पुन्हा सावकार. स्फूर्ती आल्यावर लिहिणे ही टिळकांची रीत. ज्याच्या स्फूर्तीवर घर चालत होते तो माणूस गेल्यावर, त्याच्याच वहीत अकरावा अध्याय उघडून पहिली ओवी टाकणे ही धूळपेरणी आहे. आणि अशी पेरणी त्यांनी चौसष्ट वेळा केली. त्यांच्या कवितांचा संग्रह निघाला, त्याचे नाव ‘भरली घागर’. ती घागर कोठकोठून भरून आणली होती, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचल्यावाचून कळत नाही.

यावर कोणी असे म्हणेल की, हे सर्व पोटभर जेवलेल्यांचे प्रश्न आहेत. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. ज्या मुलखाची ही स्थिती, तेथे आत्म्याच्या तहानेचे काय कौतुक सांगता? आक्षेप गंभीर आहे. पण ज्यांची नावे येथे आली ती माणसे पोटभर जेवलेली नव्हती. तुकोबांची बायको दुष्काळात गेली, रमाबाईंचे आई-बाप दुष्काळात गेले. उपाशी माणसाला देवाच्या मौनाचा प्रश्न पडत नाही, ही समजूत जेवलेल्यांची आहे. टँकरच्या रांगेत घागर धरून उभ्या असलेल्या बाईला विचारावे; ती आधी टँकरवाल्याला शिवी देईल, मग सरकारला, आणि तिसऱ्या खेपेला वर पाहून काहीतरी पुटपुटेल. ते तिसरे पुटपुटणे काय असते, याचा शोध मराठी लेखकांनी अजून पुरता घेतलेला नाही; मीही घेतलेला नाही.

मराठी ख्रिस्ती लेखनाचा विचार पुढे कोणी करील, तर त्याने ‘अभंगांजली’ शेजारी रमाबाईंची ती साक्ष आणि ‘स्मृतिचित्रे’तली १८९५ ते १९०० ची पाने एकत्र ठेवून वाचावीत, अशी माझी सूचना आहे. म्हणजे टिळकांचे अभंग कमी वाटणार नाहीत. उलट त्यांतले पाणी कोणत्या मुलखात वाहत होते ते कळेल.

रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे सबंध बायबल मूळ भाषांवरून सोप्या मराठीत आणण्यात घालवली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. १९२४ साली ते पुस्तक केडगावच्या मुक्तिसदनाच्या छापखान्यातून बाहेर पडले. तेथे खिळे जुळवण्याचे काम सदनातल्या मुली-बायकांनी केले. दुष्काळातून उचलून आणलेल्या पोरींचे ते घर. स्तोत्रसंहिता जुळवता जुळवता एक दिवस ८८ वे स्तोत्रही त्यांच्या हाताखाली आले असेल. त्याच्या शेवटचा अंधार त्यांनी अक्षर अक्षर करून साच्यात बसवला, आणि मग ८९ वे घेतले.